व्रण थांबत नाही तेव्हा : केलॉइड, खर्रा आणि वर्ध्याची मिटत जाणारी तोंडे

१/
तोंड पुरेसे उघडते की नाही, हे पाहण्याची दंतवैद्यकात एक साधी रीत आहे. रुग्णाने आपल्याच हाताची मधली तीन बोटे एकावर एक उभी धरून वरच्या आणि खालच्या दातांमध्ये घालायची. निरोगी तोंडात ती सहज जातात. वर्धा जिल्ह्यातील रुग्णालयांत असे अनेक तरुण येतात, ज्यांची दोन बोटेही आत शिरत नाहीत. काहींचे तर एकही नाही. अपघात झालेला नाही, जबडा मोडलेला नाही. गालाची आतली त्वचाच आतून आवळत गेली आहे.

२/
या विकाराचे वैद्यकीय नाव ओरल सबम्युकस फायब्रोसिस. मुख्य कारण सुपारी, आणि विदर्भात तिचे रोजचे रूप म्हणजे खर्रा. वरवर पाहता या तोंडाचा आणि कान टोचल्यावर पाळीवर वाढत जाणाऱ्या केलॉइडच्या गाठीचा काही संबंध दिसत नाही. पण दोन्हींच्या मुळाशी एकच प्रकार आहे. शरीराने दुरुस्ती सुरू केली आणि ती थांबवलीच नाही. ही दुरुस्ती कोणाच्या हुकमाने सुरू होते, हे समजायला वैद्यकाला फार मोठा काळ लागला. त्या शोधाचा हा इतिहास.

३/
भारतीय परंपरेत व्रणाचा विचार फार जुना आहे. जखम भरली तरी तिची खूण देह असेपर्यंत नाहीशी होत नाही, या अर्थाने सुश्रुतसंहिता ‘व्रण’ या शब्दाची व्युत्पत्ती सांगते. त्या खुणेला तेथे ‘व्रणवस्तु’ असे नाव आहे. व्रणावरचे साठ उपक्रमही या ग्रंथात आहेत. त्यांतले दोन लक्षणीय आहेत : खोल गेलेला व्रण वर आणणारे उत्सादन आणि उंचावलेला व्रण खाली बसवणारे अवसादन. व्रण गरजेपेक्षा जास्त वाढू शकतो, हे त्या वैद्यांनी पाहिले होते आणि त्यावर इलाजही शोधले होते.

४/
आधुनिक वैद्यकात या गाठीला नाव मिळाले ते पॅरिसमध्ये. सेंट लुई रुग्णालयातील त्वचारोगतज्ज्ञ झां-लुई अलिबेर यांनी १८०६ साली तिचे वर्णन केले. ती आजूबाजूच्या निरोगी त्वचेत पाय पसरते, हे पाहून त्यांनी तिला आधी कर्करोगाशी नाते सांगणारे नाव दिले. सुमारे दहा वर्षांनी ते बदलून त्यांनी ‘केलॉइड’ हा शब्द आणला. त्याचे मूळ खेकड्याच्या नांगीसाठी असलेल्या ग्रीक शब्दात आहे. ही गाठ कर्करोग नाही, हे त्यांनी ओळखले. जखमेची हद्द ती ओलांडते, ही त्यांनी नोंदवलेली खूण मात्र आजही निदानासाठी वापरली जाते.

५/
इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी केलॉइड बहुधा पाहिलेले असते, फक्त त्याचे नाव ठाऊक नसते. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६३ साली, लुइझियानातील मळ्यावरून पळालेला एक गुलाम बॅटन रूज येथील उत्तरेच्या सैन्याच्या छावणीत पोहोचला. तो गॉर्डन किंवा पीटर या नावाने ओळखला जातो. त्याच्या उघड्या पाठीचे छायाचित्र घेतले गेले. चाबकाच्या प्रत्येक घावाच्या जागी दोरखंडासारखे उंच वळ उठले होते. ते छायाचित्र हजारो हातांत फिरले आणि गुलामगिरीविरुद्धचा पुरावा ठरले. घाव भरून आले होते, तरी त्वचेने त्यांची नोंद ठेवली होती.

६/
दुसरा मोठा प्रसंग ऑगस्ट १९४५ मधील हिरोशिमा आणि नागासाकीचा. स्फोटाच्या उष्णतेने भाजलेल्या अनेकांच्या जखमा आधी भरून आल्या. नंतर काही महिन्यांनी त्याच जागी जाड, लालसर, ओढून धरणारे केलॉइड उठू लागले. १९४६-४७ च्या सुमारास त्यांचे प्रमाण विशेष दिसले. बचावलेल्यांच्या चेहऱ्यांवर आणि हातांवर ती खूण राहिली आणि जपानी समाजात तिच्यासोबत बहिष्कृततेचे दुःखही आले. जखम भरल्यानंतर एवढ्या उशिरा शरीर पुन्हा बांधकाम का सुरू करते, या प्रश्नाला तेव्हा उत्तर नव्हते.

७/
शल्यचिकित्सकांना आणखी एक गोष्ट छळत होती. केलॉइड कापून काढले की ते पुन्हा येई, अनेकदा आधीपेक्षा मोठे होऊन. नुसत्या शस्त्रक्रियेनंतर ते परतण्याचे प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत ४५ ते १०० टक्क्यांपर्यंत नोंदले गेले आहे. कारण उघड होते : कापणे हीच नवी जखम. दोष जखमेत नव्हता, जखमेला मिळणाऱ्या प्रतिसादात होता. पण पेशींना ‘वाढा’ आणि ‘आता थांबा’ हे कोण सांगते, हे ठाऊक नसताना हा दोष शोधणार कसा? त्याचा पहिला धागा हाती लागला तो त्वचेच्या अभ्यासातून नव्हे, कोंबडीच्या अंड्यातून.

८/
इटलीत १९३८ साली मुसोलिनीच्या राजवटीने वंशभेदाचे कायदे केले आणि रिटा लेव्ही-मोंताल्चिनी या ज्यू संशोधिकेला विद्यापीठाचे दार बंद झाले. तिने तुरिनमधील आपल्या निजायच्या खोलीत छोटी प्रयोगशाळा मांडली आणि कोंबडीच्या भ्रूणातील चेतापेशींचा अभ्यास चालू ठेवला. महायुद्धानंतर, १९४७ साली, ती अमेरिकेतील सेंट लुई येथे गेली. उंदराच्या एका गाठीतून पाझरणारे काही तरी भ्रूणातील चेतातंतूंना झपाट्याने वाढवते, हे तेथे तिच्या लक्षात आले. चेतापेशींना वाढण्याचा निरोप देणारे ते प्रथिन होते.

९/
ते प्रथिन वेगळे काढण्याच्या कामात तिला साथ दिली जैवरसायनतज्ज्ञ स्टॅन्ली कोहेन यांनी. पुढे कोहेन यांना उंदराच्या लाळग्रंथीच्या अर्कात आणखी एक द्रव्य आढळले. ते टोचलेल्या नवजात पिलांचे डोळे नेहमीपेक्षा कितीतरी आधी उघडत आणि दातही लवकर फुटत. त्वचेच्या बाह्यस्तराला वाढवणारे ते प्रथिन होते. त्याचे वर्णन १९६२ साली प्रसिद्ध झाले. अशा प्रथिनांना ग्रोथ फॅक्टर, म्हणजे वृद्धिकारक, हे नाव रूढ झाले. या दोघांना १९८६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

१०/
जखमेशी थेट संबंध जुळला १९७४ साली. सिएटल येथे रसेल रॉस आणि त्यांचे सहकारी काचपात्रात पेशी वाढवत होते. गोठलेल्या रक्तातून निघालेला द्रव घातला की पेशी जोमाने वाढत. न गोठलेल्या रक्तातला द्रव घातला तर त्या तशाच पडून राहत. फरक होता बिंबिकांचा, म्हणजे प्लेटलेटचा. रक्त गोठताना बिंबिका फुटतात आणि त्यांच्या पोटातील वृद्धिकारक बाहेर पडतात. याचा अर्थ, रक्तस्राव थांबवणारी यंत्रणाच त्या क्षणी दुरुस्तीची वर्दीही देते.

११/
केलॉइडच्या कथेतील मुख्य पात्र यानंतर येते. कर्करोगाचा अभ्यास करणाऱ्या डी लार्को आणि टोडारो यांना १९७८ साली विषाणूबाधित पेशींच्या स्रावात अशी द्रव्ये सापडली, जी निरोगी पेशींनाही कर्कपेशींसारखे वागायला लावत. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत अनिता रॉबर्ट्स आणि मायकेल स्पॉर्न यांनी हे काम पुढे नेले. त्यातील एका द्रव्याला ट्रान्स्फॉर्मिंग ग्रोथ फॅक्टर-बीटा, थोडक्यात टीजीएफ-बीटा, हे नाव मिळाले. लवकरच कळले की ते फक्त गाठींत नसते. निरोगी शरीरातही ते असते आणि बिंबिकांमध्ये तर त्याचा मोठा साठा असतो. कर्करोगावरून पडलेले नाव तेवढे कायम राहिले.

१२/
१९८६ साली रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी हे प्रथिन नवजात उंदरांच्या त्वचेखाली टोचले. दोन-तीन दिवसांतच तेथे नव्या रक्तवाहिन्या आणि तंतूंचे दाट जाळे तयार झाले. जखम केलेली नव्हती, तरी व्रण उभा राहिला. त्याच वर्षी हार्वर्डचे हॅरॉल्ड ड्वोरॅक यांनी कर्करोगाची गाठ ही कधीच न भरणाऱ्या जखमेसारखी वागते, असा विचार मांडला. अलिबेर यांना १८०६ मध्ये जे साम्य डोळ्यांनी दिसले होते, त्याला आता रेणूंच्या पातळीवर आधार मिळू लागला.

१३/
नेहमीच्या जखमेत काय घडते ते आता सांगता येते. आधी रक्त गोठते. मग दाहाच्या पेशी येऊन घाण साफ करतात. त्यानंतर टीजीएफ-बीटाच्या निरोपावर फायब्रोब्लास्ट या विणकर पेशी कामाला लागतात आणि कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे धागे विणतात. निरोप पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहकावर पोहोचतो. तेथून स्मॅड नावाची प्रथिने तो केंद्रकात नेतात आणि कोलॅजेनची जनुके जागी होतात. शेवटी निरोप ओसरतो, जादा विणकर पेशी मरतात आणि धाग्यांची फेरमांडणी होते. इतके सगळे होऊनही व्रणाची ताकद मूळ त्वचेच्या सुमारे ८० टक्क्यांपर्यंतच पोहोचते.

१४/
केलॉइडमध्ये बिघडतो तो शेवटचा टप्पा. तेथील फायब्रोब्लास्ट टीजीएफ-बीटाच्या निरोपाला नेहमीपेक्षा जास्त प्रतिसाद देतात आणि कोलॅजेनचे अतिउत्पादन करतात. त्याच प्रथिनामुळे कोलॅजेन विरघळवणाऱ्या विकरांना आवर बसतो. म्हणजे विणकाम वाढते आणि उसवणे घटते. शिवाय उत्तेजित पेशी स्वतःही नवे वृद्धिकारक स्रवतात आणि निरोप फिरत राहतो. जखम भरली तरी हे चक्र थांबत नाही. म्हणूनच टाचणीएवढ्या छिद्रातून सुपारीएवढी गाठ उभी राहू शकते.

१५/
सगळा दोष एका प्रथिनावर टाकणे मात्र चूक ठरेल. केलॉइड काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या दिसते. सावळ्या-काळ्या वर्णाच्या लोकांत आणि तरुण वयात ते अधिक आढळते. छाती, खांदा, जबड्याची कड अशा त्वचा ताणलेल्या जागी त्याचा विशेष जोर असतो. दंडावरील लसीच्या खुणेवरही ते येते. आनुवंशिकता, ताण आणि रेंगाळणारा दाह हे सारे मिळून जमीन तयार करतात. त्या जमिनीवर टीजीएफ-बीटाचा हुकूम अनाठायी चालू राहतो.

१६/
शत्रू ओळखला, तर त्याला रोखता येईल का? या आशेला एका निरीक्षणाने बळ दिले. गर्भावस्थेच्या सुरुवातीच्या काळात त्वचेला झालेली जखम व्रण न ठेवता भरते. तेथे टीजीएफ-बीटाच्या पहिल्या प्रकाराचे प्रमाण कमी आणि तिसऱ्या प्रकाराचे जास्त असते. मँचेस्टरचे मार्क फर्ग्युसन यांनी त्यावरून औषधाची कल्पना केली : तिसरा प्रकार जखमेत टोचायचा. त्यासाठी रेनोव्हो ही कंपनी उभी राहिली. सुरुवातीचे निष्कर्ष आशादायक होते. २०११ साली निर्णायक टप्प्यातील चाचणीत मात्र औषध अपयशी ठरले. शरीराचा हुकूम समजणे आणि तो बदलणे, या दोन वेगळ्या गोष्टी होत्या.

१७/
त्यामुळे आजही केलॉइडवर मुख्य उपचार म्हणजे गाठीतच स्टेरॉइडचे इंजेक्शन. ट्रायमसिनोलोन हे औषध १९६०च्या दशकापासून वापरात आहे. ते दाह कमी करते आणि टीजीएफ-बीटाचा जोरही ओसरवते, हे मागाहून कळले. त्यासोबत दाबपट्ट्या, सिलिकॉन आणि निवडक रुग्णांत शस्त्रक्रियेनंतर लगेच किरणोपचार दिले जातात. उपाय आधी सापडला आणि तो का चालतो ते नंतर उमगले, असे वैद्यकाच्या इतिहासात वारंवार घडले आहे. तोंडाच्या फायब्रोसिसची कथा याच्या उलट घडली. तेथे कारण समोर असूनही नजर दुसरीकडे गेली.

१८/
१९५२ साली श्वार्ट्झ या दंतवैद्याने केनियात राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांच्या तोंडांचे वर्णन केले. आतली त्वचा पांढुरकी आणि ताठ झाली होती, तोंड उघडत नव्हते. त्यांनी दिलेल्या लांबलचक लॅटिन नावाचा अर्थ होता अज्ञात कारणाने होणारा क्षय. पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, मुंबईचे एस. जी. जोशी यांनी असेच रुग्ण नोंदवले आणि या विकाराला ‘सबम्युकस फायब्रोसिस’ हे नेमके नाव दिले. क्षय नव्हे, तंतूंची अतिवाढ. आज जगभर रूढ असलेले नाव मुंबईच्या या निरीक्षणातून आले आहे.

१९/
कारण कोणते? पहिला संशय मिरचीवर गेला. भारतीयांचे जेवण तिखट आणि रुग्णही भारतीय, असा सरळ हिशेब होता. मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर आणि सत्यवती सिरसाट यांनी १९६० च्या सुमारास तो प्रयोगाने तपासला. पांढऱ्या उंदरांच्या टाळूला मिरचीतील कॅप्सेसिन लावून त्यांनी ऊतींमधील बदल पाहिले. नंतर सुपारीतील अरेकोलीन या द्रव्यावरही तशीच परीक्षा केली. देशात या विकाराचा प्रायोगिक अभ्यास येथून सुरू झाला.

२०/
मिरचीवरचा संशय टिकण्यामागे एक सबळ भासणारे कारण होते. या विकाराची पहिली तक्रारच मुळी ‘तिखट लागते, आग होते’ अशी असते. ज्याने लहानपणापासून ठेचा-भाकर खाल्ली, त्याला साधी भाजीही झोंबू लागते. पण तोंड आधीच विकारग्रस्त झालेले असते, म्हणून मिरची झोंबते. मिरचीने तोंड बिघडलेले नसते. लक्षणालाच कारण समजण्याची ही चूक होती. तोंडात सतत असलेली सुपारी मात्र इतकी नित्याची आणि इतकी मंगल मानलेली होती की तिच्याकडे बोट सहज वळले नाही.

२१/
ते वळवले मोठ्या पाहण्यांनी. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील फली मेहता आणि डेन्मार्कचे येन्स पिंडबोर्ग यांनी १९६०च्या दशकात देशातील पाच जिल्ह्यांत घरोघरी जाऊन पन्नास हजारांहून अधिक ग्रामस्थांची तोंडे तपासली. पुणे जिल्ह्यात तर हा आकडा लाखाच्या वर गेला. अशा कामातून सुपारीचे नाते स्पष्ट होत गेले. धोक्याची दुसरी बाजूही पुढे आली. केरळच्या एर्नाकुलम जिल्ह्यातील रुग्णांचा १७ वर्षे पाठपुरावा झाला आणि त्यांतील ७.६ टक्के रुग्णांना तोंडाचा कर्करोग झाल्याचे १९८५ साली प्रसिद्ध झाले. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूविना खाल्लेली सुपारीही कर्करोगकारक असल्याचे नोंदवले.

२२/
सुपारी नेमके काय करते? तिचे कठीण कण गालाला रोज सूक्ष्म जखमा करतात. अरेकोलीन फायब्रोब्लास्टना कोलॅजेन विणायला प्रवृत्त करते. टॅनिनमुळे ते धागे विरघळेनासे होतात. सुपारीत तांब्याचे प्रमाणही बरेच असते, आणि कोलॅजेनच्या धाग्यांना गाठी मारून घट्ट करणाऱ्या विकराला तांबेच लागते. हे सगळे धागे टीजीएफ-बीटाशी येऊन मिळतात. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत पतुरु कोंडय्या यांच्या गटाने २०११ साली दाखवले की अशा रुग्णांच्या ऊतींत टीजीएफ-बीटाचा मार्ग जागा असतो आणि त्याला आवर घालणारे बीएमपी-७ हे प्रथिन घटलेले असते.

२३/
त्वचेवरचे केलॉइड आणि तोंडातला हा विकार यांची तुलना येथे पूर्ण होते. दोन्हींत हुकूम तोच, विणकर पेशी त्याच, धागेही तेच. फरक हुकूम देणाऱ्याचा आहे. केलॉइडमध्ये एकदा दिलेला हुकूम शरीर मागे घेत नाही आणि त्यात व्यक्तीचा काही दोष नसतो. तोंडात तो हुकूम रोज, दिवसातून अनेकदा, नव्याने पाठवला जातो. जखम भरायला वेळच मिळत नाही. म्हणून केलॉइडचे उत्तर औषधशास्त्रात शोधावे लागते. तोंडाच्या उत्तराचा निम्मा भाग सामाजिक इतिहासात आहे.

२४/
सुपारी वर्ध्यात पिकत नाही. हा कापसाचा मुलूख. सुपारी येते कोकण, कर्नाटक, केरळाकडून. तरीही पूजेत गणपतीच्या जागी ती मांडली जाते, लग्न ठरले की सुपारी फुटते आणि पाहुण्याचा मान पानसुपारीने होतो. त्या पानाला मर्यादा होती : ते जेवणानंतर, समारंभात, मोजून येई. १९७०-८०च्या दशकांत पुड्यांतील पानमसाला आणि गुटखा आला आणि पान बाजूला पडून सुपारी व तंबाखू उरली. विदर्भात पानठेल्यावर सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून खर्रा मिळू लागला. त्याला वेळ-काळ उरला नाही.

२५/
या बदलाची नोंद रुग्णालयांत उमटली. नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयातील संशोधकांनी २००७ साली मध्य भारतातील १००० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात एका स्त्रीमागे जवळपास पाच पुरुष होते. श्वार्ट्झ यांच्या पाचही रुग्ण स्त्रिया होत्या. अर्ध्या शतकात रुग्णाचा चेहरा बदलला होता. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या समाजवैद्यक विभागाने ग्रामीण वर्ध्यातील किशोरवयीनांची पाहणी २००८ साली प्रसिद्ध केली. तीत सुमारे दोन-तृतीयांश मुलग्यांनी महिन्याभरात तंबाखूचा एखादा प्रकार घेतल्याचे आढळले आणि त्यांत खर्रा सर्वांत पुढे होता.

२६/
हा जिल्हा गांधी-विनोबांच्या वास्तव्याने ओळखला जातो. १९३६ साली गांधीजी शेगावात राहायला आले आणि तेच गाव पुढे सेवाग्राम झाले. गांधी जन्मशताब्दीच्या १९६९ या वर्षी तेथे ग्रामीण भागासाठी वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. त्याच वारशातून वर्ध्यात दारूबंदी आली. व्यसन म्हणजे दारू, अशी सार्वजनिक व्याख्या तिने पक्की केली. त्या व्याख्येत खर्रा बसत नाही. तो नशा करत नाही, घर मोडत नाही, काम थांबवत नाही. तो बापासमोर मुलगा खातो. त्याचे मोल गालाच्या आत, वर्षानुवर्षे, न दिसता चुकवले जाते.

२७/
वर्धा शहरालगतच्या सावंगी (मेघे) येथील शरद पवार दंत महाविद्यालयात राजीव बोरले आणि सहकाऱ्यांनी या रुग्णांवर केलेल्या एका शस्त्रक्रियेचे निष्कर्ष २००९ साली ब्रिटिश शल्यपत्रिकेत छापून आले. गालातील घट्ट पट्टे कापायचे आणि उघड्या पडलेल्या जागेवर नाक व ओठ यांमधील घडीची त्वचा वळवून आत बसवायची. नुसते पट्टे कापले तर ती जागा केलॉइडसारखीच पुन्हा आवळते, म्हणून तेथे निरोगी त्वचा आणावी लागते. गालाची त्वचा जिवंत ठेवून वळवण्याची कल्पना सुश्रुताच्या नाक-कान जोडणीत आहे. तेव्हा ती कापलेल्या नाकासाठी होती, येथे ती मिटलेल्या तोंडासाठी आली.

२८/
शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला महिनोन्‌महिने तोंड उघडण्याचा व्यायाम करावा लागतो. एक अट त्याहून कडक असते : सुपारी पुन्हा नाही. टीजीएफ-बीटाला शस्त्रक्रियेची आणि सवयीची जखम वेगळी कळत नाही. हीच अट वेळीच पाळली तर चित्र निराळे असते. प्रारंभीच्या अवस्थेत सुपारी सुटली की आग कमी होते आणि विकार पुढे सरकणे थांबू शकते. एकदा घट्ट झालेले पट्टे मात्र आपोआप क्वचितच सैल होतात. म्हणून तोंड झोंबू लागते, ती वेळ सर्वांत मोलाची.

२९/
शासनानेही हात टाकून पाहिला. महाराष्ट्रात गुटख्यावर २००२ साली बंदी आली. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. अन्नसुरक्षेच्या नव्या कायद्याच्या आधारे जुलै २०१२ मध्ये राज्याने गुटखा आणि पानमसाल्यावर पुन्हा बंदी घातली. पुढे सुगंधी तंबाखू आणि सुगंधी सुपारीही तिच्या कक्षेत आली. पण खर्रा कारखान्यात बनत नाही. साधी सुपारी, तंबाखू आणि चुना वेगवेगळे मिळाले की तो पाच मिनिटांत ठेल्यावर घोटला जातो. पुडीवर बंदी घालणे सोपे होते, दोन तळहातांवर घालणे अवघड.

३०/
व्रण म्हणजे देहावरचा इतिहास, असे सुश्रुताच्या व्युत्पत्तीवरून म्हणता येते. गॉर्डनच्या पाठीवरचा इतिहास मळेवाल्याने लिहिला, हिरोशिमाच्या चेहऱ्यांवरचा बाँबने. वर्ध्याच्या तरुणाच्या गालातला इतिहास त्याच्या गावातला ठेला, बाजार आणि रीत मिळून लिहितात, आणि तो लिहून पूर्ण झालेला नसतो. कोंबडीच्या अंड्यापासून बंगळुरूच्या प्रयोगशाळेपर्यंत चाललेल्या संशोधनाने एवढे नक्की सांगितले आहे : पेशी हुकूम पाळतात आणि तो थांबला की बहुतेकदा थांबतात. केलॉइडचा हुकूम थांबवण्याचा खात्रीचा मार्ग विज्ञान अजून शोधत आहे. तोंडातला हुकूम रोज कुठून निघतो, हे मात्र आता ठाऊक आहे.